फाटलेला बूट, वाचवायचा सांधा: जुन्या स्पोर्ट्स कारची रबरी आवरणं घरी बदलताना

जुन्या स्पोर्ट्स कारखाली दिवा घेऊन आडवं पडलं की नजर आधी मोठ्या गोष्टींकडे जाते. इंजिनातून तेल झिरपतंय का, सायलेन्सर गंजलाय का, तळाचा पत्रा शाबूत आहे का. माझं सांगणं असं की त्याआधी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला बघा. स्टिअरिंगचा दांडा चाकाच्या आर्मला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यावर लिंबाएवढं काळं रबरी टोपण असतं. कुणी त्याला बूट म्हणतं, कुणी डस्ट कव्हर, कुणी नुसतं रबर. ते फाटलेलं असेल तर बाकीची यादी बाजूला ठेवा आणि आधी हे काम करा.

त्या टोपणाखाली एक गुळगुळीत पोलादी गोळा वाटीत फिरत असतो. बूट आतलं ग्रीस धरून ठेवतो आणि बाहेरची धूळ, पाणी अडवतो. तो फाटला की ग्रीसमध्ये बारीक वाळू मिसळते आणि त्याचा घासायचा लेप होतो. मग स्टिअरिंग जितक्या वेळा फिरेल, तितक्या वेळा गोळा थोडा थोडा घासला जातो. पाणी शिरलं तर गंज धरतो आणि गोळ्यावर खड्डे पडतात. एवढ्याशा रबरापायी आख्खा सांधा जातो.

पूर्ण सांधाच नवा का बसवू नये, असं कुणीही विचारेल. नव्या गाडीत मीही तेच करीन. पण जुन्या गाडीचा मूळ सांधा बहुतेक वेळा आज मिळणाऱ्या स्वस्त नकलेपेक्षा चांगल्या पोलादाचा आणि नेमक्या मापाचा असतो. चाळीस वर्षं चाललेला सांधा काढून दोन वर्षांत सैल होणारा बसवणं मला पटत नाही. म्हणून सांधा निरोगी असेल, तर फक्त बूट बदलायचा. या लेखात तेच सविस्तर सांगतो. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात ही गाडी ५ लाखांहून अधिक तयार झाली, आणि तिची पुढची बाजू घरी काम करणाऱ्याला सहज समजते. तिथे चाकाजवळ किंगपिन आहे, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन, बॉल जॉइंट, म्हणजे वर सांगितलेला गोळा-वाटीचा सांधा, फक्त टाय रॉडच्या, म्हणजे त्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, आणि मधे साधा, हाताच्या जोरावर चालणारा स्टिअरिंग रॅक, म्हणजे टाय रॉडना डावी-उजवीकडे ढकलणारी दातांची पट्टी. जिथे गाडीनुसार फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

रबर कशामुळे जातं

किलोमीटर मोजून रबराचं वय कळत नाही. कव्हर घालून उभी ठेवलेली, वर्षात तीनचार वेळाच बाहेर निघणारी गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त चिरलेले बूट दाखवते. त्याचं मोठं कारण हवेतला ओझोन. ताणलेल्या अवस्थेत असलेल्या रबरावर तो हल्ला करतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. म्हणून चिरा सपाट भागावर कमी आणि घड्यांमध्ये जास्त दिसतात. नुसतं वरवर बघून चालत नाही. बोटांनी घड्या उघडून, आरसा आणि दिवा घेऊन आत बघावं लागतं.

यातून एक सवय लावून घ्या: गाडी लांब मुदतीसाठी उभी करताना चाकं सरळ ठेवा. चाकं एका बाजूला पूर्ण वळवून ठेवली तर रॅकच्या एका टोकाचं गेटर, म्हणजे ते घड्यांचं भात्यासारखं रबर, महिनोन्महिने ताणलेलं राहतं.

दुसरा शत्रू तेल. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं. इंजिनच्या पुढून टिपकणारं तेल थेट गेटरवर पडत असेल तर नवं गेटरही लवकर जाईल. आधी गळती थांबवा. निओप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर तेलाला बऱ्यापैकी आणि ओझोनला चांगलं तोंड देतं, म्हणून सांध्यांच्या बुटांसाठी मी तेच निवडतो. पॉलियुरेथेनचे बूट टिकाऊ असतात, तेलाला दाद देत नाहीत, पण थोडे कडक असतात. जिथे सांधा फार कोनात वळतो तिथे त्यांची वरची कड आर्मला नीट चिकटून बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

जुनं, पण कधी न वापरलेलं रबर मिळालं म्हणून हरखून जाऊ नका. पिशवीत बंद असलं तरी रबराचं वय वाढतच असतं. असा एक बूट मी मोठ्या कौतुकाने बसवला होता. पुढच्याच हंगामात तो घडीवर फाटला. नवा भाग हातात आला की तो अंगठ्याने उलटा करून, ताणून बघा. बारीक जाळीसारख्या रेषा दिसल्या तर परत करा.

आधी सांध्याची परीक्षा

हा टप्पा टाळू नका. आत वाळू गेलेल्या सांध्यावर नवा बूट चढवला तर वाळूही त्याच्याबरोबर बंद होते, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असल्यामुळे सांधा निसटेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. स्टिअरिंगच्या सांध्याच्या बाबतीत तसं होऊ देणं परवडणारं नाही.

गाडीचा पुढचा भाग स्टँडवर घ्या. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून झटके द्या. खडखड जाणवली तर मदतनिसाला स्टिअरिंग घट्ट धरायला सांगा आणि स्वतः टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवून पुन्हा हलवा. सांध्यातला ढिलेपणा डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर व्हील बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांपैकी काहीतरी सैल आहे. मदतनिसाने ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर पुढे शोधायचा.

ज्या गाड्यांत स्प्रिंग चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर बसते, तिथे खालचा बॉल जॉइंट तपासताना जॅक त्याच आर्मखाली लावून सांध्यावरचा भार काढावा लागतो. चाक नुसतं लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंग सांध्याला दाबून धरते आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो.

सांधा सुटल्यावर दुसरी परीक्षा. गोळ्याचा दांडा बोटांनी गोल फिरवा. हालचाल लोण्यासारखी, पण थोडा विरोध करणारी हवी. दांडा आपल्याच वजनाने एका बाजूला कलंडत असेल किंवा फिरवताना दाणे लागल्यासारखं वाटत असेल, तर बुटाचा विचार सोडून द्या. ग्रीसचा रंगही बोलतो. काळं ग्रीस म्हणजे वय, विटकरी ग्रीस म्हणजे गंज. विटकरी दिसलं की मी तो सांधा ठेवत नाही.

माप घेणं

आपल्या गाडीसाठी बनवलेला बूट मिळत असेल तर उत्तम. नसेल तर मापावर घ्यावा लागतो, आणि मापं तीन: वरचं भोक, म्हणजे दांडा जिथून बाहेर येतो तिथला व्यास, खालचं तोंड, म्हणजे सांध्याच्या अंगावर ज्या खाचेत बूट बसतो तिचा व्यास, आणि उंची. पहिली दोन व्हर्नियर कॅलिपरने घ्या. फाटलेल्या, पसरलेल्या बुटावरून माप घेऊ नका, धातूवरून घ्या.

उंचीत लोक चुकतात. सांधा गाडीवर जोडलेला असतानाच, त्याचं अंग आणि आर्मचा पृष्ठभाग यांतली फट मोजा. मोकळ्या बुटाची उंची या फटीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे जोडल्यावर तो किंचित दाबला जाईल आणि वरची कड आर्मला टेकून राहील. फार उंच बूट घेतला तर तो चेपून बाजूला फुगतो आणि घडी आर्मखाली चिमटते. बुटका घेतला तर वरून सरळ पाणी शिरतं. भोकाचा व्यास दांड्यापेक्षा जरा कमी असावा, रबराने दांड्याला मिठी मारली पाहिजे.

अवजारं आणि तयारी

जॅक, दोन मजबूत स्टँड, चाकांमागे लावायला अडण्या, सॉकेटचा संच, टॉर्क पाना, पक्कड, तारेचा ब्रश, बॉल जॉइंट सोडवायचा स्क्रूचा पुलर, दोन हातोडे, धागे न सुटणारं फडकं, ग्रीस, नव्या स्प्लिट पिना (नट फिरू नये म्हणून त्यातून ओवून पाय वाकवायच्या पिना) किंवा नवे नायलॉनचे लॉकनट. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवंच, कारण नट किती न्यूटन-मीटरवर आवळायचे हे गाडीगणिक बदलतं आणि ते अंदाजाने ठरवायचं नसतं.

आदल्या दिवशी नटाच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. जे रबर ठेवायचं आहे त्यावर ते उडू देऊ नका.

गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. हे काम हातोड्याचं आहे, गाडीला हादरे बसणार आहेत. जमीन कडक आणि सपाट हवी, स्टँड पत्र्याखाली न लावता मजबुतीच्या जागी लावायचे, आणि स्टँडवर घेतल्यावर गाडीला हाताने दोनदा जोरात ढकलून बघायचं. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे.

टाय रॉडच्या टोकाचा बूट

गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा आटा सैल करा, मग उचला, स्टँडवर ठेवा, चाक काढा. तारांच्या चाकांची गाडी असेल तर मधला मोठा नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने सोडवायचा. दोन्ही बाजूंचे आटे उलट दिशेचे असतात, म्हणून मारण्याआधी दिशा नक्की करा.

सांधा उघडण्याआधी आजूबाजूची सगळी माती तारेच्या ब्रशने झाडून, पुसून काढा. नाहीतर उघडलेल्या सांध्यात तीच पडेल.

स्प्लिट पिनेचे पाय पकडीने सरळ करून ती ओढून काढा. मोडली तर मोडू दे, ती परत वापरायची नाहीच. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. तो दांड्याच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवा. याने दोन गोष्टी होतात: पुलरचा दाब आट्यांवर न येता नटावर विभागला जातो, आणि सांधा सुटताना दांडा उसळून खाली पडत नाही.

आता टेपर सोडवायचा. दांड्याचा निमुळता भाग आर्मच्या निमुळत्या भोकात इतका घट्ट रुतलेला असतो की नट पूर्ण काढला तरी तो जागचा हलत नाही. दोन दातांचा फोर्क ठोकून तो पटकन सुटतो खरा, पण फोर्क बुटाच्या चिंध्या करतो आणि सांध्याच्या अंगावर ओरखडे काढतो. सांधा फेकायचाच असेल तेव्हाच फोर्क वापरा. आपल्याला तो वाचवायचा आहे, म्हणून स्क्रूचा पुलर. तो लावून चांगला ताण द्या आणि थोडा वेळ थांबा. सुटला नाही, तर ताण तसाच ठेवून आर्मच्या भोकाच्या कडेला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने एक नेमका फटका द्या. भोक क्षणभर अंडाकृती होतं आणि दांडा सुटतो. आवाज बंदुकीच्या गोळीसारखा येतो, दचकू नका. दांड्याच्या टोकावर मात्र हातोडा मारू नका. टोक पसरलं की नट बसत नाही.

इथे एक मोठी सोय लक्षात घ्या. फक्त बूट बदलायचा असल्याने टाय रॉडवरचा लॉकनट, म्हणजे सांध्याचं टोक रॉडवर पक्कं धरणारा नट, सोडवायची गरज नाही. रॉडचं टोक आहे तिथेच राहतं, लांबी बदलत नाही, म्हणजे चाकांची अलाइनमेंट जशीच्या तशी राहते.

जुना बूट काढताना आधी त्याची तारेची कडी उचकटा. रबर चाकूने कापायचं असेल तर बुटाच्या फुगीर भागावर कापा. खाचेजवळ चाकू चालवला तर धातूवर रेघ उठते आणि पुढे पाणी त्याच रेघेतून शिरतं.

सफाई हा या कामाचा गाभा आहे, तिथे घाई नको. रॉकेल किंवा फवाऱ्याचं क्लीनर सांध्यात सोडून धुवावंसं वाटतं, पण ते वाटीच्या खोल भागात अडकून राहतं आणि नंतर नव्या ग्रीसला पातळ करतं. मी वेगळं करतो. वरचं जुनं ग्रीस फडक्याने पुसतो, बोटाने नवं ग्रीस सांध्याच्या तोंडात दाबतो, दांडा सगळ्या दिशांना गोल गोल फिरवतो. आतून काळं ग्रीस वर येतं. ते पुसतो, पुन्हा नवं भरतो. पाचसहा वेळा असं केलं की वर येणारं ग्रीस नव्याच्या रंगाचं दिसू लागतं. तिथे थांबायचं. सांध्याला निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, असेल तर हेच काम ग्रीस गनने बूट बसवण्याआधी करा.

ग्रीस कुठलं? लिथियमचं, मध्यम घट्ट, म्हणजे डब्यावर क्रमांक २ लिहिलेलं, अशा सांध्यांना चालतं. पाण्याचा संपर्क जास्त असेल तर कॅल्शियम सल्फोनेटचं अधिक चांगलं. मात्र वेगवेगळ्या जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. जुनं ग्रीस शक्य तितकं बाहेर काढण्यामागे हेही कारण आहे.

नव्या बुटात एक तृतीयांश ते निम्मं ग्रीस भरा. गच्च भरलेला बूट सांधा वळताना दाबला जातो, ग्रीसला जागा उरत नाही आणि ते कड उचलून बाहेर पडतं. पुढे निपलमधून ग्रीस देतानाही बूट किंचित फुगताना दिसला की थांबा.

बूट कडक वाटला तर दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून पूर्ण कोरडा करा. खालची कड खाचेत गोल बसवा. कडी चढवायला बुटाच्या तोंडाएवढ्या व्यासाचा नळीचा तुकडा किंवा मोठं सॉकेट वापरा. त्यावरून कडी सगळीकडून सारखी खाली सरकते. स्क्रू ड्रायव्हरने एकेक बाजू खाली दाबायला गेलं की दुसरी बाजू वर येते आणि टोक घसरून रबराला भोक पडतं. नळी नसेल तर दोन बोथट स्क्रू ड्रायव्हर, आणि भरपूर सबुरी.

जोडण्याआधी दांड्याचा निमुळता भाग आणि आर्मचं भोक कोरड्या फडक्याने लख्ख पुसा. इथे ग्रीस नको, तांब्याची पेस्टही नको. टेपर कोरड्या धातूच्या घर्षणावर धरून राहतो. तेल लावलं तर नट आवळताना दांडा ठरलेल्यापेक्षा खोल ओढला जातो.

नट फिरवताना दांडाही सोबत फिरू लागला तर सांध्याच्या खालून जॅकने हलका दाब द्या, टेपर पकड घेतो. मग मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळा. खाचांच्या नटाची खाच आणि दांड्याचं भोक एका रेषेत आलं नाही, तर नट पुढे आवळून जुळवा. मागे सैल करून कधीही जुळवू नका. नायलॉनचा लॉकनट असेल तर नवाच. जुन्याची पकड पहिल्याच वेळी खर्च झालेली असते.

शेवटी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही बुटाकडे बघा. तो पिळला जात असेल तर वरची कड दांड्याला घट्ट चिकटली आहे. ती बोटाने सोडवून थोडं ग्रीस लावा.

रॅकचं गेटर

हे काम एक पायरी अवघड आहे, कारण गेटर रॉडवरून सरकवून काढायचं तर टाय रॉडचं टोक काढावंच लागतं, आणि मग अलाइनमेंट हलते. चीर देऊन चिकटवायची किंवा शिवणीची गेटरं मिळतात, ती टोक न काढता बसतात. मी ती वापरत नाही. गेटर हजारो वेळा ताणलं आणि मिटलं जातं, आणि शिवण प्रत्येक घडीतून जात असते.

लॉकनट सोडवण्याआधी तीन खुणा करा. लॉकनटाच्या मागे उघडे राहिलेले आटे व्हर्नियरने मोजून लिहा. रॉड, लॉकनट आणि टोक यांवर एका ओळीत रंगाची रेघ ओढा. आणि टोक काढताना फेरे मोजा, अर्ध्या फेऱ्यासकट. तिन्ही नोंदी वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

एका फेऱ्याने काय बिघडणार? हिशेब करून बघू. समजा आट्यांची चाल, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, १.२५ मिमी आहे, स्टिअरिंग आर्मची लांबी १३० मिमी, आणि १४ इंची रिमची त्रिज्या साधारण १७८ मिमी. रॉड १.२५ मिमी सरकला तर रिमची पुढची कड सुमारे १.७ मिमी एका दिशेला जाते आणि मागची तेवढीच उलट दिशेला. म्हणजे पुढच्या-मागच्या अंतरात जवळपास ३.४ मिमीचा फरक. एमजीबीचं टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा जितक्या जवळ असतात ते अंतर, १.६ ते २.४ मिमी इतकंच असतं. एका फेऱ्याच्या चुकीने चाकं आत वळण्याऐवजी बाहेर वळू शकतात, आणि टायर कडेने लवकर खाल्ले जातील.

एमजीबीच्या रॅकमध्ये ईपी ९० जातीचं घट्ट तेल असतं, म्हणून गेटरची क्लिप सोडण्याआधी खाली ट्रे ठेवा. बाहेर आलेलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. अशा वेळी दुसऱ्या बाजूचं गेटरही उघडा, रॅकचे दात आणि आतला गोळा पुसून तपासा. दातांवर वरवरचा तपकिरी डाग पुसला जात असेल तर ठीक. नखाला खड्डा लागत असेल तर रॅक पूर्ण उतरवायची वेळ आली आहे. काही गाड्यांच्या रॅकमध्ये तेलाऐवजी ग्रीस असतं. मॅन्युअल सांगेल ते वापरा.

नवं गेटर सरकवण्याआधी रॉडच्या आट्यांवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, नाहीतर धारदार आटे लहान तोंडाच्या आतल्या कडेला कापतात. मोठं तोंड रॅकच्या घराच्या खाचेत बसवा, क्लिप लावा, आणि क्लिपचा स्क्रू पाना पोचेल पण कशाला घासणार नाही अशा बाजूला ठेवा. लहान तोंडाच्या आत बोटभर ग्रीस लावा. पुढे अलाइनमेंटसाठी रॉड फिरवावा लागेल तेव्हा तो गेटरच्या आत मोकळा फिरला पाहिजे. हे केलं नाही तर गेटर चिंधीसारखं पिळलं जातं, आणि नव्या गेटरचं आयुष्य तिथेच संपतं.

तेल भरताना एका गेटरचं लहान तोंड उघडं ठेवा, ती बाजू थोडी उंच करा, आणि पिचकारीने किंवा तेलाच्या डब्याच्या लांब नळीने तेल सोडा. एमजीबीला सुमारे ०.२ लिटर पुरतं. क्लिप लावून चाकं अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा, म्हणजे तेल रॅकभर पसरेल. घाईने वळवलं तर तेल एका बाजूला कोंडून दाब चढतो आणि गेटर जागचं सुटू शकतं. मोजलेल्या फेऱ्यांइतकं टोक परत बसवा, रेघ जुळवा, लॉकनट आवळा. आवळताना टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर सांधा एका बाजूला कलतो आणि दोन्हीकडची वळणाची मोकळीक सारखी राहत नाही.

सगळ्या नोंदी जुळल्या तरी अलाइनमेंट तपासून घ्याच. तोवर गाडी हळू चालवा.

स्प्रिंगचा भार असलेला खालचा बॉल जॉइंट

१९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ आणि तिच्यासारख्या डबल विशबोनच्या, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या गाड्यांत खालच्या आर्मच्या टोकाला मोठा बॉल जॉइंट असतो. बूट बदलण्याची पद्धत वर सांगितली तीच. फरक जिवाच्या धोक्याचा आहे. खालच्या आर्मवर दाबलेली स्प्रिंग असते आणि सांधा सुटला की ती आर्मला खाली झटकते. म्हणून नट सोडण्याआधी आर्मखाली जॅक लावून त्याला आधार द्या, आणि सांधा सुटल्यावर जॅक इंच-इंच उतरवा. शॉक ॲब्झॉर्बर स्प्रिंगच्या आतून जाऊन दोन्ही टोकांना पक्का असेल तर तो आर्मची धाव रोखतो. स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा असेल तर रोखणारं काही नसतं. एमजीबीत वरचा आर्म म्हणजे लीव्हर डँपरचाच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शॉक ॲब्झॉर्बरचाच हात, त्यामुळे तिथेही खालची बाजू सोडताना जॅकवर सगळी भिस्त असते. आपल्या गाडीत कुठली रचना आहे हे ओळखता आलं नाही, तर हा एक सांधा कारागिराकडून करून घ्या.

त्याच बैठकीत होणारी आणखी काही रबरं

ब्रेक कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांवर छोटे बूट असतात. ते बदलताना फक्त ब्रेकच्या रबरासाठीचं किंवा सिलिकॉनचं ग्रीस वापरा. नेहमीच्या खनिज ग्रीसने ते फुगतात आणि पिन अडकते. ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या वळणाऱ्या सांध्याचे बूट हे वेगळं, मोठं काम आहे. तिथे मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं आणि त्याचं प्रमाण सांध्यानुसार ठरलेलं असतं.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ग्रोमेट, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर जिथे जाते तिथली रबरी कडी. ती कडक होऊन तुटली की पत्र्याची धार वायरच्या आवरणाला घासत राहते. अनेक जुन्या गाड्यांत मुख्य वायरला फ्यूजचं संरक्षण नसतं. तिथे शॉर्ट झालं तर गाडीला आग लागू शकते. बॅटरीची जोडणी काढा आणि ग्रोमेट बदला. वायर सोडवून ओवणं शक्य नसेल तर ग्रोमेटला एकच तिरकी चीर देऊन वायरभोवती गुंडाळा आणि चीर वरच्या बाजूला ठेवा. इथे रबर ताणलं जात नाही, म्हणून चीर चालते.

जोडून झाल्यावर

चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर आणि कमी वेगात. सरळ जाताना स्टिअरिंगच्या आऱ्या आधीसारख्याच आडव्या आहेत का, हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पूर्ण वळवल्यावर काही घासल्याचा आवाज येतो का, हे बघा. परत आल्यावर गाडी थंड होऊ दे आणि प्रत्येक स्प्लिट पिन हाताने चाचपा. साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा खाली जा. बुटाच्या कडेला बाहेर ग्रीसची ओल दिसली तर कडी नीट बसलेली नाही किंवा ग्रीस जास्त झालं आहे. पुसून, आठवड्याने परत बघा. ओल पुन्हा आली तर उघडून कडी नव्याने बसवा.

वहीत तारीख, किलोमीटर, बुटाची तिन्ही मापं, रबराची जात आणि वापरलेल्या ग्रीसचं नाव लिहून ठेवा. मी दर वेळी इंजिन ऑइल बदलताना, तेल निथळत असतं त्या वेळात, ती वही आणि दिवा घेऊन चारही टोकांच्या घड्या उघडून बघतो.